‘तुझं बरंय, पगार चालू आहे’

गेल्या आठवड्यात माझ्याकडे समुपदेशनाला एक लाइनमन आला होता. वळवाच्या पावसात तारा तुटल्या, हा दोन दिवस या खांबावरून त्या खांबावर, आणि खाली लोक मोबाइल वर धरून शूटिंग करत ‘अजून किती वेळ?’ विचारत होते. यानं हातातली पक्कड खाली फेकली. कुणाला लागली नाही, पण त्यानंतर त्याची झोप उडाली. माझ्यासमोर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, “मॅडम, ज्यांच्यासाठी वर चढतो त्यांचाच राग येतो. मी मुळातच असा आहे का?”

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की पहिले तीन शब्द ऐकले की पुढचे मला येतात. आयसीयूतली नर्स, नाकाबंदीवरचा हवालदार, सर्व्हेला गेल्यावर तोंडावर दार आपटून घेतलेली आशाताई, किराणा दुकानदार. शब्द थोडेफार बदलतात. प्रश्न एकच असतो, आणि विचारणारा माणूस मान खाली घालून विचारतो. मला त्याचं नीट उत्तर पहिल्यांदा सापडलं ते २०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या लॉकडाउनमध्ये, आणि खरं सांगायचं तर ते मी शोधलेलं नव्हतं. एका बँकेतल्या कॅशियरनं मला ते दाखवून दिलं. तिच्या परवानगीनं, नाव-गाव आणि काही तपशील बदलून, ती गोष्ट सांगते. तिला वैशाली म्हणू.

त्या दिवसांत आम्ही काही समुपदेशक संध्याकाळी फोनवर मोफत वेळ देत होतो. मी पुण्यात घरी. वैशाली साताऱ्यात राहायची, शाखा तिथून वीसेक किलोमीटरवर, तालुक्याच्या गावाला. वय चौतीस. घरी नवरा अमित, सहा वर्षांची मुलगी आणि मधुमेह असलेली सासू. एसटी बंद, दुचाकीवर डबलसीटला बंदी, त्यामुळे नवरा सोडायला येऊ शकत नाही. जी बाई आयुष्यात मंडईपलीकडे स्कूटर घेऊन गेली नव्हती ती रोज रिकाम्या हायवेवरून चाळीस किलोमीटर जा-ये करत होती, गळ्यात ओळखपत्र आणि पर्समध्ये शाखेचं पत्र. बोलायला रात्री नऊला गच्चीत जायची, पाण्याच्या टाकीला टेकून बसायची. मधूनच टाकी भरल्याचा आवाज यायचा.

पहिल्या फोनवर ती म्हणाली, “मला माझीच भीती वाटतेय. मी एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर ओरडले.”

काय झालं होतं ते समजायला बँकेतला तो एप्रिल डोळ्यांपुढे आणावा लागेल. २६ मार्चला केंद्राचं पॅकेज जाहीर झालं. त्यात जनधन खातं असलेल्या महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये होते. देशभरात अशा सुमारे २० कोटी बायका. गर्दी होऊ नये म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस वाटून दिले : ३ एप्रिलला शून्य आणि एक, ४ ला दोन आणि तीन, असं ९ तारखेपर्यंत. योजना कागदावर चोख होती. पण ‘पैसे काढले नाहीत तर सरकार परत घेणार’ अशी आवई उठली, आणि आपला शेवटचा आकडा कोणता हे निम्म्या बायकांना ठाऊक नव्हतं. पहाटे सहापासून शाखेबाहेर रांग. फक्कीनं आखलेली वर्तुळं, आणि त्या वर्तुळांत बायकांऐवजी त्यांच्या चपला, पिशव्या, कुणाचा विटेचा तुकडा. बायका सगळ्या पलीकडच्या कडुलिंबाखाली, एकीला एक चिकटून. सावली तेवढीच होती.

आत कर्मचारी पाच. त्यातले दोघं दुसऱ्या जिल्ह्यातले, हद्द बंद झाल्यामुळे अडकलेले. उरले मॅनेजर, वैशाली आणि शिपाईमामा. शेतकऱ्यांचे दोन हजार जमा झाले का ते बघायला येणारे वेगळे, कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलणार म्हणे, मग आमचा का कापला, असं विचारणारे वेगळे, आणि नुसती पासबुकात एंट्री मारून घ्यायला येणारे वेगळेच.

त्या दिवशी सत्तरीची एक आजी काउंटरला आली. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, तोंडाला पदर. स्लिपवर अंगठा उठवला. “सुटं दे गं बाय,” म्हणाली, म्हणून वैशालीनं शंभराच्या पाच नोटा दिल्या. आजीनं पदर खाली केला, अंगठा जिभेला लावला, नोटा मोजल्या, परत जिभेला लावून परत मोजल्या. मग त्यातली एक नोट काचेखालून आत सरकवली. “ही फाटकी हाय. बदलून दे.”

नोटेच्या कोपऱ्यावर ओला ठसा होता.

“मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय,” वैशाली म्हणाली. “‘तुम्हाला मरायचं असेल तर मरा, मला कशाला मारता?’ एवढ्या मोठ्यानं, की बाहेरची रांग गप्प झाली. आजी काही बोललीच नाही. चारशे रुपये मुठीत धरून निघून गेली. ती नोट तिथंच राहिली.”

दिवसअखेर कॅश जुळवताना त्या नोटेचं काय करायचं हा प्रश्न आला. पैसे आजीचे, खात्यातून रीतसर वजा झालेले, बँकेचे नव्हेत. वैशालीनं ती नोट बदलून चांगली घेतली, घरी नेली, त्या काळात सगळे करत होते तशी इस्त्री फिरवली आणि पाकिटात घालून वर खातेक्रमांक लिहिला. ते पाकीट पर्समध्ये. रोज स्कूटरवरून जाता-येता तिच्यासोबत.

आता माझी चूक सांगते.

मी ज्या परंपरेत शिकले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची. मराठीत ती आणण्याचं श्रेय कि. मो. फडके सरांचं. तिचं सगळं सार मी विद्यार्थ्यांना एका अक्षरात सांगते, आणि हे मराठीतच जमतं याचा मला जरा अभिमान आहे : ते अक्षर म्हणजे ‘च’. ‘लोकांनी नीट वागायला हवं’ ही इच्छा झाली. ‘लोकांनी नीट वागायलाच हवं’ हा हट्ट झाला. इच्छा मोडली तर वाईट वाटतं, हट्ट मोडला तर माणूस पेटतो. मग तो ‘च’ शोधायचा आणि अलगद सोडवून घ्यायचा. वर्षानुवर्षं मी हे करत आलेय आणि बहुतेक वेळा ते लागू पडतं.

तर मी वैशालीच्या बोलण्यात ‘च’ शोधू लागले. सापडायला वेळ लागला नाही.

“लोकांना एवढं कळायलाच नको का?” ती म्हणाली.

“कळलं तर बरंच. पण कळलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय?” मी.

पलीकडे शांतता. नेमकी त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

“मॅडम, कुकर तुमच्याकडचा का?”

“हो.”

“म्हणजे तुम्ही घरूनच बोलताय ना?”

तिच्या आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता. तिनं नुसती नोंद केली, पासबुकात करतात तशी. मी पुढे काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही, म्हणजे ते आठवण्यासारखं नसणार. फोन ठेवल्यावर मला वाटलं, ही परत फोन करणार नाही.

तिनं केला. मी विचारलं नव्हतं तरी आपणहून म्हणाली, “तुम्ही ‘हो’ म्हणालात म्हणून केला. दुसरं कुणी असतं तर सारवासारव केली असती.” माझ्या शिक्षणापेक्षा त्या दिवशी माझा एक ‘हो’ कामाला आला. नव्या समुपदेशकांना मी हे मुद्दाम सांगते.

पुढचे दोन-तीन फोन मी फारसं बोलले नाही. नुसता तिचा दिवस विचारत गेले. सकाळी किती वाजता उठता, डबा कोण करतं, शाखेत पाणी प्यायला मास्क कुठं काढता. (बाथरूममध्ये. ती आणि शिपाईमामा पाळीपाळीनं बाथरूममध्ये जाऊन पाणी प्यायचे.) घरी गेल्यावर काय? दारात बादली, साबण, कपडे तिथंच भिजवायचे, मागच्या दारानं थेट मोरीत. मुलीनं बँकेबाहेरच्या वर्तुळांचा फोटो बापाच्या फोनमध्ये बघितला होता. एक दिवस वैशाली घरी आली तर उंबऱ्याबाहेर रांगोळीचं वेडंवाकडं वर्तुळ. मुलगी आतून ओरडून सांगतेय, “आई, त्यात उभी राहा, मी बोलावलं की यायचं.” घरातले सगळे हसले. वैशालीही हसली. “मग मोरीत जाऊन रडले,” म्हणाली.

“हे कुणाला सांगितलंत?”

“कुणाला सांगणार? अमितचा पगार तीस टक्के कापलाय, तो दिवसभर लॅपटॉपसमोर. भावाचं गॅरेज बंद. वहिनीला फोन केला की तिचं पहिलं वाक्य, ‘तुझं बरंय बाई, पगार चालू आहे.’ समोरच्या फ्लॅटमधल्या काकूसुद्धा तेच म्हणाल्या, दाराआडून. आणि खरंच आहे ना मॅडम ते.”

“आणि तुम्ही स्वतःला काय म्हणता?”

बराच वेळ काही नाही. टाकी भरल्याचा आवाज आला, कुणीतरी खालून मोटार बंद केली.

“तेच. ‘तुझं बरंय.’ तक्रार करायला तोंडच नाही मला.”

इथं माझ्या कानाला तो ‘च’ लागला. मी तो भलत्याच ठिकाणी शोधत होते. लोकांनी नीट वागायलाच हवं, हा वरवरचा ‘च’ होता. खाली, मुळाशी, वेगळाच बसला होता : मी तक्रार करायचीच नाही. नोकरी आहे, पगार आहे, सरकारी सुरक्षितता आहे, त्यामुळे भीती, थकवा, अपमान यांतलं काहीही वाटण्याचा मला हक्कच नाही.

मी म्हणाले, “तोंड आहे तुम्हाला. ते काउंटरवर उघडतं.”

हे वाक्य मी आधीपासून ठरवलेलं नव्हतं. म्हटल्यावर वाटलं, फार झालं का? पण पलीकडून एकदम वेगळाच आवाज आला. आधी हुंदका, मग थोडं हसू, मग दोन्ही.

“मॅडम, मला पाचशे रुपयांसाठी मरायचं नाही हो.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणं हेच आमचं काम, आणि ते जमायला मला बरीच वर्षं लागली.

ती परत म्हणाली. या वेळी सावकाश, स्वतःला ऐकवल्यासारखं. “पाचशे रुपयांसाठी मरायचं नाही मला.” आणि मग थांबून, “ती आजीपण पाचशे रुपयांसाठीच उन्हात उभी होती ना.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं. इतके दिवस मी तिच्याशी आजीबद्दल सहानुभूतीचं एक अक्षर बोलले नव्हते. बोलले असते तर तिनं ‘हो मॅडम, बरोबर आहे मॅडम’ म्हणून आणखी एक ओझं पर्समध्ये घातलं असतं. स्वतःची भीती बोलून दाखवायची मुभा तिनं स्वतःला दिली, त्यासरशी तिला समोरची बाई दिसली. काचेच्या दोन बाजूंना दोघी जणी होत्या, त्याच पाचशे रुपयांसाठी, दोघीही घाबरलेल्या. माझ्या धंद्यात हा क्रम उलटा लावायची फार खोड आहे. आधी समोरच्याचा विचार करायला सांगायचं, स्वतःचं नंतर बघू. तसं होत नाही. भुकेल्या माणसाला वाढायला बसवलं तर त्याचा हात आखडताच राहणार.

मग मी एक अवघड प्रश्न विचारला. “त्या दिवशी आणखी कुणी तुम्हाला त्रास दिला होता का?”

दिला होता. गावातला एक मोठा व्यापारी रांग डावलून थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला, तिथून तिच्या काउंटरला आला, मास्क हनुवटीवर, फोनवर बोलत. तिनं त्याचं काम निमूट केलं. वर ‘या साहेब’ म्हणाली.

“त्याच्यावर ओरडला नाहीत?”

“कशी ओरडणार?”

लाइनमनसकट सगळ्यांना मी जे सांगते ते इथून आलेलं आहे. राग पाण्यासारखा असतो, उताराकडे धावतो. वर चढत नाही. साहेबावर आलेला राग आजीवर निघतो, आजी नसेल तर पोरावर, पोर झोपलं असेल तर स्वतःवर. म्हणून ‘मी मुळातच असा आहे का’ असं कुणी विचारलं की मी त्याचा स्वभाव तपासत बसत नाही. विचारते, कुणावर ओरडलात आणि कुणावर ओरडला नाहीत? त्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं, यात स्वभावाचा भाग थोडा आणि उताराचा जास्त आहे. तुमचा स्वभावच तसा असता तर व्यापाऱ्यालाही प्रसाद मिळाला असता.

यानं ओरडणं माफ होत नाही. हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते, कारण आमच्याकडे येऊन ‘परिस्थितीच तशी होती’ एवढं प्रमाणपत्र घेऊन जाणारेही असतात. आजीवर ओरडणं चूकच होतं. पण ‘मी चूक केली’ आणि ‘मी वाईट आहे’ या वाक्यांमध्ये पुण्याहून साताऱ्याइतकं अंतर आहे. पहिल्या वाक्यापुढे काहीतरी करता येतं. दुसऱ्या वाक्यावर माणूस नुसता बसून राहतो, पाकीट पर्समध्ये घेऊन.

त्या काळातल्या टाळ्यांबद्दलही दोन शब्द. २२ मार्चला संध्याकाळी पाचला मीही खिडकीत ताट वाजवलं. ३ मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं उधळली ती टीव्हीवर बघताना डोळे भरून आले होते. त्या भावनेची मी टिंगल करणार नाही. पण नंतर फोनवर नर्सेस, सफाई कामगार, पोलीस यांचं ऐकताना एक गोष्ट खटकत गेली. माणसाला ‘योद्धा’ म्हटलं की त्यानं ‘मला भीती वाटते’ म्हणायची सोय जाते. ‘देवदूत’ म्हटलं की त्याला पाणी हवंय का हे विचारायचं कुणाच्या लक्षात येत नाही. आणि ज्यांना टाळ्यासुद्धा मिळाल्या नाहीत, बँकवाले, वीजवाले, दूधवाले, गॅस सिलिंडर पोचवणारे, त्यांना तर तक्रारीआधी आपणही त्यातलेच आहोत हे पटवून द्यावं लागायचं. कौतुक आणि ‘तुझं बरंय’ ही दोन्ही दिसायला उलट, पण दोन्हींनी तोंड बंदच होतं.

मग करायचं काय? वर जाणारी वाट उघडायची. वैशालीला मी त्या रात्री सांगितलं, शाखेतल्या रद्दी स्लिपा घ्या आणि जे जे सलतंय ते एकेका स्लिपवर एकेक लिहा. गाळू नका, सुधारू नका, क्षुल्लक वाटलं तरी लिहा. तिनं एकवीस स्लिपा लिहिल्या. मग त्यांच्या दोन चळती लावल्या. एकीत अशा गोष्टी, ज्यांवर कुणीतरी नाव घेऊन सांगता येईल असा माणूस काहीतरी करू शकतो. दुसरीत अशा, ज्यांवर कुणीच काही करू शकत नाही.

तिला वाटत होतं सगळ्या दुसरीत जातील. पहिलीत नऊ गेल्या.

त्या नऊंतल्या चार तिनं मॅनेजरना लेखी दिल्या. लेखी यासाठी, की तोंडी सांगितलेलं ‘बघू’ या शब्दात विरघळतं. आणि शब्द निवडताना आम्ही दोघींनी अर्धा तास घालवला. ‘शाखेत कसलीच व्यवस्था नाही’ असं लिहिलं की समोरचा बचावाला उभा राहतो. त्याऐवजी : रांगेवर कापड किंवा जाळी बांधावी. काचेबाहेर ओल्या स्पंजाची डबी ठेवावी. रांगेतच बायकांचे शेवटचे आकडे बघून चुकीच्या दिवशी आलेल्यांना परत पाठवायला एक माणूस द्यावा. पाणी प्यायला मागच्या स्टोअरची खिडकी उघडून द्यावी. कुणाला नाही म्हणायला लाज वाटावी इतक्या साध्या मागण्या.

मॅनेजर बिचारे स्वतःच पिचलेले. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले म्हणे, “हे आधी का नाही सांगितलं?” नगरपंचायतीकडून शेडनेट मिळालं. स्पंजाची डबी शिपाईमामांनीच आणली. माणूस मिळाला नाही. खिडकी उघडली. चारातल्या तीन. पाळीपाळीनं ड्युटी ही पाचवी मागणी तिनं नंतर केली, ती वरच्या ऑफिसात अडकली ती अडकलीच. मी हे मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की अर्ज केला की सगळं मिळतं. मिळत नाही. पण मागितलेलं न मिळणं आणि मागायची चोरी असणं यात फरक आहे, आणि तो काउंटरवरच्या आवाजात ऐकू येतो. खिडकी उघडली त्या आठवड्यात ती कुणावरही ओरडली नाही. मी विचारलं नव्हतं, तिनंच मोजलं होतं.

आणि दुसरी चळत? बारा स्लिपा. त्यांत सासूच्या साखरेची काळजी होती, मुलीचं रांगोळीचं वर्तुळ होतं, आणि एकीवर नुसतं ‘हायवे फार शांत असतो’ एवढंच लिहिलेलं. या गोष्टी सोडवायच्या नसतात, कुणापाशी तरी मोकळ्या करायच्या असतात, आणि ऐकणाऱ्यानं त्यावर उपाय, तुलना किंवा स्वतःची कथा ठेवायची नसते. एवढं साधं काम, पण भल्याभल्यांना जमत नाही. नवऱ्यांना तर नाहीच. अमितशी मी एकदा पंधरा मिनिटं बोलले. तो आधी फुगूनच होता. “ताण मलाही आहे मॅडम.” आहेच. मी त्याला एवढंच सांगितलं, ती अंघोळ करून आली की पहिली दहा मिनिटं ‘आज कोण कोण आलं होतं?’ एवढंच विचारा आणि चहा करा. तुमचा ताण अकराव्या मिनिटाला. त्यानं ते चार दिवस पाळलं, दोन दिवस विसरला, परत पाळलं. नवऱ्यांच्या मानानं हा निकाल चांगला आहे.

घरातल्यांना एक विनंती. कुणी कामावरून येऊन कुरकुरलं की ‘तुझं बरंय’ हे वाक्य जिभेवर येतंच, कारण आपलंही काही दुखत असतं. ते गिळा. आपलं दुखणं वेगळ्यानं सांगा. दोघांची दुखणी एका तराजूत घातली की हलकं पारडं गप्प होतं, आणि त्याचा गप्पपणा नंतर भलत्यालाच भोवतो.

आणि जे वाचताहेत आणि स्वतः या प्रश्नात आहेत, त्यांच्यासाठी : ओरडण्याबरोबर दोन-दोन आठवडे झोप नसेल, दारू वाढली असेल, कामाच्या वाटेवर ‘गाडीसमोर काही आलं तर बरं’ असले विचार येत असतील, तर स्लिपा लिहीत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तेव्हा नव्हती अशी एक सोय आता आहे : १४४१६, सरकारची टेली-मानस सेवा, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. वैशाली त्या टोकाला गेली नव्हती. पण ‘हायवे फार शांत असतो’ या स्लिपवर मी तिला तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारून खात्री करून घेतली होती. समुपदेशकानं अशा वाक्यावरून पुढे जायचं नसतं.

लाइनमनला मी विचारलं, “खाली उभ्या असलेल्यांना किती वाजेपर्यंत लाइट येईल ते कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. सेक्शनचा फोनच कुणी उचलत नाही.”

“हे साहेबांना सांगितलंत?”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी त्याला उलटं खांबावर चढायला सांगितलंय. पुढच्या गुरुवारी तो येणार आहे. स्लिपा आणायला सांगितल्यात.

वैशालीचा शेवटचा फोन मे महिन्यातला. जनधनचा दुसरा हप्ता ४ मेपासून जमा होऊ लागला होता. आजी कधी येईल म्हणून ती रोज वाट बघत होती. माफी मागायची वाक्यं तिनं स्कूटरवर पाठ केली होती. मीही दोन सुचवली होती, ती तिला पुस्तकी वाटली.

आजी आली. तीच पिशवी, तोच पदर. वैशालीनं पाचशे मोजले, पाकिटातली इस्त्री केलेली शंभराची नोट वर ठेवली आणि काचेखालून सरकवले. आजीनं पदर खाली केला, अंगठा तोंडाकडे नेला.

“आजी, इथं,” वैशालीनं डबीकडे बोट केलं.

आजीनं डबीकडे संशयानं पाहिलं, अंगठा बुडवला, मोजलं. परत मोजलं. “शंभर जास्तीचं आलंया.”

“मागच्या वेळचे राहिले होते तुमचे.”

मास्क, त्यावर ती प्लास्टिकची ढाल, वर काच. आजीनं डोळे बारीक करून आत बघितलं. “मागल्या टायमाला हितं दुसरीच बाई हुती. लई खेकसली माझ्यावर. तू गुणाची हायेस.”

“मग?” मी विचारलं. “माफी मागितलीत?”

“नाही हो मॅडम,” वैशाली म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. “मी म्हटलं, ‘तिची बदली झाली, आजी.’”